जेनिफरच्या केबिनमधली ओल

५ ऑक्टोबर २०२५, रविवार. सकाळी ८.३०

आजपासून रोजनिशी. काम मोठं आहे, आणि नोंद नसली की काम झालंच नाही असं धरतात. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली, हे मला कुणी शिकवायला नको.

काम: जेनिफरच्या झोपायच्या केबिनची दुरुस्ती.
मुदत: ८ डिसेंबर, लग्नाचा वाढदिवस (चौतिसावा).
उद्दिष्ट: रत्नमालेला नाथसागर जलाशयावर एक रात्र बोटीत झोपवणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आणणं.

रत्नमाला सध्या पुण्याला, आमच्या श्रेयाकडे आहे. मार्चमध्ये एका महिन्यासाठी गेली. महिना जरा लांबलाय. केबिन झाली की येईल. मला खात्री आहे.

जेनिफर म्हणजे बोट. शिडाची, चोवीस फुटी, फायबरची, पंचेचाळीस वर्षं जुनी. चार वर्षांपूर्वी रिटायर झालो तेव्हा मुंबईच्या एका पारशी गृहस्थांकडून ट्रेलरवर घालून उस्मानपुऱ्यात आणली. घराच्या बाजूला मोकळी पट्टी होती, तिच्यात चपखल बसली. चार इंच इकडे, चार इंच तिकडे. नाव आधीच्या मालकांनी ठेवलेलं. रत्नमालेनं तेव्हा विचारलं होतं, रेशनकार्डावर घालायचं का नाव. तिला विनोदाची आवड आहे.

दुपारी १२

केबिन उघडली. पुढच्या टोकाला दोघांचा त्रिकोणी पलंग, तो ओला. प्लायवूडचे पापुद्रे सुटलेत. गादीवर काळी बुरशी. छताचं कापड लोंबतंय. मार्चपर्यंत हीच केबिन खडखडीत कोरडी होती, मी स्वतः तिच्यात बसून चार वर्षं प्लॅनिंग केलंय.

जेनिफर आमच्याकडे आल्यापासून एकदाही पाण्यात उतरलेली नाही. ज्या गल्लीत आठव्या दिवशी नळ येतो तिथं तिला ओल आली कशी, हा प्रश्न तांत्रिक आहे. मी तो सोडवणार. सगळं पुसून कोरडं केलं. शिडी टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपला टेकवली होती. तो पाइप मीच बसवलाय, ९८ साली, घर बांधलं तेव्हा. अजून थेंब गळत नाही कुठून. पट्टीच्या मधोमध बरोबर तोंड काढलंय. असं काम आता होत नाही.

दुपारी ३

नळ आला. गच्चीवरची टाकी भरायला मोटर लावली आणि चौकातल्या हार्डवेअरला सँडपेपर आणायला गेलो. चार नंबरांचे सँडपेपर बघण्यात वेळ गेला. परत आलो तर शेजारच्या सगीराभाभी कंपाउंडवरून सांगत होत्या की टाकी वाहतेय. बंद केली. टाकी भरली हे महत्त्वाचं.

६ ऑक्टोबर

केबिनमध्ये दोन बादल्या पाणी. काल रात्री पाऊस नाही, आकाश कोरं. चव घेतली. गोडं. क्लोरिनचा हलका वास.

निष्कर्ष: पारशी गृहस्थ स्वच्छतेचे भोक्ते असणार. क्लोरिन घालून बोट धुवत असणार. लाकडानं ते धरून ठेवलं आणि आता सोडतंय.

श्रेयाला फोन केला, निष्कर्ष सांगायला. आईला दे म्हटलं. आई झोपलीय म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते. चांगलंय, विश्रांती होतेय.

९ ऑक्टोबर

कडूबा मिस्त्री आला. खुलताबादचा. पलंग, दिवाण, देव्हारे, किराणा दुकानांचे काउंटर, सगळं केलंय त्यानं. बोट पहिल्यांदाच बघत होता. दोन चकरा मारल्या, आत गेला, बाहेर आला, आणि विचारलं की डोकं कुठं अन् पाय कुठं.

सांगितलं, पाय टोकाकडे. टोक निमुळतं असतं, पाय मावतात. जगभर असंच असतं.

त्यानं सूर्य कुठं आहे ते बघितलं. जेनिफरचं टोक दक्षिणेला आहे. हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "सायेब, दक्षिणंला पाय करून जित्या माणसाला झोपवत नसतेत. माझ्या हातानं तर नायच व्हायचं."

मी समजावलं की बोटीला दिशा नसते, वारा येईल तशी ती फिरते. तर म्हणे फिरंल तवा फिरंल, आज तर प्लॉटवर हाये. ट्रेलर फिरवणं अशक्य, चार इंच जागा. तास गेला. चहा झाला. शेवटी ठरलं, उशा टोकाकडे आणि पाय रुंद बाजूला.

टोकाला रुंदी पंधरा इंच. दोन डोक्यांना कमी वाटते. पण विचार केल्यावर लक्षात आलं की हे मूळ डिझाइनपेक्षा सरस आहे. डोकी जवळ राहतील. चौतीस वर्षांत निवांत बोलायला मिळालं नाही, ते होईल.

१३ ऑक्टोबर

सकाळी नळ. मोटर लावली. कडूबा प्लाय घेऊन टेम्पोनं यायचा होता, म्हणून कोपऱ्यावर जाऊन थांबलो. टेम्पो उशिरा आला. परत येतो तर सगीराभाभी कंपाउंडशी कमरेवर हात ठेवून. "भाईसाब, टाकी बह री, आधा घंटा हुआ, कब से बोल रई मैं." रत्नमाला असताना यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. एकटेपणी माणसाकडे लोकांचं फार लक्ष जातं.

१४ ऑक्टोबर

केबिन पुन्हा ओली. नवं प्लाय अजून बसवलं नव्हतं हे नशीब.

विशेष काही वाटलं नाही. पुसली. दुपारी जेवायचं राहिलं ते चारला लक्षात आलं.

१५ ऑक्टोबर

पद्धतशीर काम सुरू. मार्चपर्यंत कोरडी, मार्चपासून ओली. म्हणजे मार्चमध्ये काहीतरी बदललं. यादी केली.

१. जेनिफरवर नवी ताडपत्री टाकली. छतातून आत उतरायचं झाकण आहे, तेवढा भाग उघडा ठेवलाय, हवा खेळावी म्हणून.
२. रत्नमाला पुण्याला गेली.
३. शेजारी गयासभाईंनी एसी बसवला.

बराच वेळ विचार केला. संशय एसीवर.

१७ ऑक्टोबर

गयासभाईंकडे गेलो. सगीराभाभींचे यजमान, घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, माणूस शांत. एसीच्या पाण्याविषयी स्पष्ट बोललो. एसी दसऱ्याच्या आधीपासून बंद आहे म्हणाले. तरी माझ्यासमोर नळी वळवून घेतली. निघताना त्यांनी विचारलं, भाभी कब आ रहे. म्हटलं, केबिन झाली की. त्यांनी मान हलवली. भाभी आतून काहीतरी म्हणाल्या, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

एसीचा प्रश्न मिटला.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पुण्याला जायचा विचार होता. श्रेयानं बोलावलं होतं का? तसं स्पष्ट बोलावलं नव्हतं. येऊ नका असंही म्हटलं नव्हतं. पण ओलीवर लक्ष ठेवायला कुणीतरी लागतं.

दरवर्षी रत्नमाला सगीराभाभींकडे फराळाचं ताट देते. यंदा त्यांनीच मला चिवडा आणून दिला, बेकरीतला, झाकून. मी ताट रिकामं परत दिलं. रिकामं द्यायचं नसतं हे नंतर आठवलं.

संध्याकाळी नळ आला. मोटर लावून पणत्या शोधत बसलो. कुठं ठेवल्यात कुणास ठाऊक. सापडल्या नाहीत. मग पूजेला उशीर, मग मोटर, मग भाभी. सणाच्या दिवशी तरी आवाज कमी ठेवायला हवा होता त्यांनी.

२२ ऑक्टोबर

ओली.

२४ ऑक्टोबर

सापडलं. तारखा एकाखाली एक लिहिल्या: ५, १३, २१. बरोबर आठ दिवसांचं अंतर. एसी असं वागत नाही. पाऊस असं वागत नाही. ठरावीक दिवसांनी चढणारं पाणी जगात एकच आहे, ते म्हणजे भरती.

एक्केचाळीस वर्षं जी लाकडं समुद्रावर होती त्यांना चंद्राची सवय लागलेली असणार. मुंबई सोडली म्हणून सवय सुटत नाही. आपल्याकडे यावर संशोधन झालेलं दिसत नाही. श्रेयाला सविस्तर मेसेज केला. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

पुढची भरती: २९ ऑक्टोबर.

२९ ऑक्टोबर, सायंकाळी ५

भरती आली! पलंगाच्या उजव्या अंगाला दीड इंच. भाकीत तंतोतंत. तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझा एवढा अचूक अंदाज कधी आला नव्हता.

योगायोगानं आज नळही आला होता.

२ नोव्हेंबर

श्रेयाचा फोन. स्वतःहून. मला वाटलं भरतीबद्दल असेल. ती मार्चमधल्या त्या दिवसाबद्दल बोलली. अठरा मिनिटं. माझी बाजू कुठंतरी लिहून ठेवली पाहिजे.

त्या दिवशी पाण्याचा दिवस होता आणि रत्नमालेला ताप होता. ताप असल्याचं तिनं मला सांगायला हवं होतं. सांगितलं होतं, असं श्रेया म्हणते. मी जेनिफरमध्ये पलंगाची मापं घेत होतो. मोटर बंद करायची म्हणून तिनं एक हाक मारली. मी दोन मिनिटं म्हणालो. आता मापं घेताना दोन मिनिटांची पाच होतात, हे कुणालाही मान्य होईल. ती स्वतः उठून मोटर बंद करायला गेली आणि मग गच्चीचा व्हॉल्व्ह फिरवायला जिना चढली. मधल्या पायरीवर तिला चक्कर आली. बसली. किती वेळ ते माहीत नाही. सगीराभाभींनी बघितलं, त्यांनीच रिक्षा बोलावून दवाखान्यात नेली. मी बाहेर आलो तेव्हा घर उघडं होतं आणि कुणी नव्हतं.

फायबरच्या आत बसलं की बाहेरचा आवाज येत नाही. हे तांत्रिक सत्य आहे. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात श्रेया येऊन घेऊन गेली, विश्रांतीसाठी.

म्हणजे यात कुणाचीच चूक नाही.

६ नोव्हेंबर

नवं प्लाय बसलं. दुपारी नळ, दुपारी भरती. चारपर्यंत प्लाय फुगलं. कडूबानं त्याच्यावर बोटानं टिचकी मारली, मग झाकणातून डोकं वर काढून बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला. म्हणाला वरून येतंय साहेब. मी सांगितलं की बोटीत पाणी नेहमी खालून येतं, म्हणून तर तिला बोट म्हणतात. त्यानं फुगलेलं प्लाय उचकटायला घेतलं. ज्याचं त्याचं क्षेत्र असतं.

१० नोव्हेंबर

रत्नमाला परत येतेय.

श्रेयानं कळवलं. ३० तारखेला वैजापूरला रत्नमालेच्या भाच्याचं, इंद्रजीतचं लग्न आहे. गाडीनं पुण्याहून एक दिवस आधी निघून मुक्काम मावशीकडे, आणि ३० ला सकाळी दहाला आपल्या घरी. कपाटातली हिरवी पैठणी घ्यायची आहे म्हणे, अर्धा तास थांबतील.

पैठणी हे कारण आहे. पुण्यात पैठण्या मिळत नाहीत का? ज्याला यायचंच नसतं तो साडीसाठी येत नाही.

वेळापत्रक सुधारलं. केबिन ३० तारखेला दाखवायची. ८ डिसेंबरला नाथसागर. बोट पाण्यात उतरवायच्या परवानगीचं नंतर बघू, ओळखीचं कुणीतरी असेलच अजून ऑफिसात.

१५ नोव्हेंबर

कालची भरती मोठी होती. दुसरं प्लायही गेलं. तिसरं सांगितलं. हेअर ड्रायरनं फळ्या वाळवल्या, साडेपाच तास. ड्रायर रत्नमालेचा. अजून तिच्या तेलाचा वास येतो, गरम झाला की. थोडा वेळ बंद करून ठेवला. पुन्हा लावला.

१८ नोव्हेंबर

पडद्याचं कापड घेतलं. निळं. दुकानदारानं विचारलं खिडकी केवढी, म्हटलं गोल आहे आणि सहा इंचाची. त्यानं नमुन्याचाच तुकडा देऊन टाकला.

उशांचे अभ्रे दोन घेतले. घरी कुठंतरी असतील, पण मला सापडत नाहीत. आठ महिन्यांत कपाट उलटंपालटं झालंय. मी काही हलवलं नाही. आपोआप होतं.

२२ नोव्हेंबर

भरती, अपेक्षेप्रमाणे. वाळवायला आठ दिवस हातात. टेबल फॅन आत लावला. कडूबा तिसरं प्लाय २७ ला बसवणार. तो आता प्रश्न विचारत नाही. चांगला कामगार झालाय.

२८ नोव्हेंबर

केबिन तयार. मान्य करावं लागेल, सुंदर झालीय. प्लायला पॉलिश, गादीला नवी खोळ, उशा टोकाला एकमेकींना खेटून. अर्धा तास आत बसलो. आनंद व्हायला पाहिजे होता. होईल, ती बघेल तेव्हा.

अडचण एकच. ३० ला भरतीचा दिवस. पण नोंदी बघितल्या, बहुतेक वेळा दुपारनंतर येते. ती दहाला येणार. सुरक्षित आहे.

३० नोव्हेंबर, सकाळी ७

आंघोळ, दाढी. भाषण ठरवलंय. छोटं. पहिल्यांदा केबिन, मग भरतीचा शोध, मग ८ डिसेंबर.

सकाळी ९.१५

नळ आला. घरात पाणी भरलेलं बरं, पाहुणे येताहेत. मोटर लावली.

दुपारी १

जे झालं ते क्रमानं लिहितो.

त्या पावणेदहालाच आल्या. रत्नमाला बारीक झालीय, म्हणजे तब्येत सुधारलीय. केस कमी केलेत. श्रेया सरळ आत कपाटाकडे गेली. मी रत्नमालेला म्हटलं आधी हे बघ, आणि जेनिफरकडे नेलं. स्टूल ठेवलं होतं. हात पुढे केला. तिनं कठड्याला धरलं आणि आपली आपण चढली.

आत पलंगाच्या कडेला बसली. पडदा बघितला. उशा बघितल्या. मी सांगितलं, डोकी इकडे का, दक्षिणेचं, कडूबाचं, सगळं. तिला थोडं हसू आलं असं मला वाटलं. तिनं प्लायवर हात फिरवला आणि कितव्यांदा बदललं विचारलं. म्हटलं तिसऱ्यांदा. मग मी भरतीचं सांगायला लागलो. ५, १३, २१, २९. ती ऐकत होती. मास्तरीण होती ना जिल्हा परिषदेच्या शाळेत, आकडे नीट ऐकते.

तेवढ्यात वर ताडपत्रीवर आवाज आला. आधी थेंब थेंब, मग धार. झाकणाच्या फटीतून पाणी आत आलं, छताच्या कापडावरून पुढे गेलं आणि उशीवर पडायला लागलं. तिच्या बाजूच्या. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, आज भरती लवकर आली.

तिनं त्या पाण्याकडे बघितलं. मग झाकणातून वर बघितलं. मग माझ्याकडे. आणि बाहेर गेली. मी उशा उचलत होतो. मोटरचा आवाज बंद झाला. थोड्या वेळानं धारही बंद झाली.

ती परत आली, पण आत नाही आली. झाकणापाशी उभी राहिली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण तिनंच सांगितलं लिहायला.

"टाकी भरायला पस्तीस मिनिटं लागतात. सत्तावीस वर्षं मी घड्याळ लावून बंद केली. हे तुमच्याच पाइपाचं पाणी आहे. मी होते तोवर पडलं नाही, एवढंच."

मी वर बघितलं. ओव्हरफ्लोच्या पाइपाचं तोंड बरोबर झाकणाच्या वर होतं. मधोमध. ९८ साली पट्टीत काही नव्हतं.

मी म्हटलं, मग प्रश्न सुटला. पाइप वळवून घेतो, किंवा मोटर बघतो, आता कारण कळलं. ८ तारखेपर्यंत सगळं कोरडं होईल. नाथसागरावर जाऊ. तू ये. मी भाषण असं ठरवलं नव्हतं, पण मुद्दे सगळे आले.

ती म्हणाली, "त्या दिवशी पायरीवर बसून मी सात हाका मारल्या. मोजल्या मी. तुम्हाला सगळं लिहायची सवय आहे ना, तर हे पण लिहून ठेवा."

सात.

श्रेया पैठणी घेऊन बाहेर आली. सोबत एक बॅग होती. तिच्यात रत्नमालेचे स्वेटर, चष्म्याची जुनी डबी आणि शाळेतल्या मुलांबरोबरचा फोटो. हिरव्या साडीला एवढी मोठी बॅग लागत नाही. सगीराभाभी कंपाउंडपाशी आल्या होत्या. दोघी हात धरून उभ्या राहिल्या बराच वेळ. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी उशी पिळत होतो.

लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा होता, उशीर होत होता. गेल्या.

१ डिसेंबर

केबिन ओली. पुसली नाही.

४ डिसेंबर

पुसली.

५ डिसेंबर

रोजनिशी पहिल्यापासून वाचली. २ नोव्हेंबरच्या नोंदीत 'एक हाक' असं आहे. दुरुस्ती: सात. खोडून वर लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली. खात्यात अशीच पद्धत होती.

पाइपाचं तोंड वळवायला प्लंबर बोलवायचं ठरवलं होतं. बोलावला नाही. पाइपाची चूक नाही.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी ८.२० ला नळ. ८.३० ला मोटर. गच्चीवर टाकीपाशी घड्याळ घेऊन उभा राहिलो. मी गच्चीवर कधी गेलो होतो आठवत नाही. जिन्यात सोळा पायऱ्या आहेत. मधल्या पायरीवर ऊन येतं.

९.०५ ला टाकी भरली. पस्तीस मिनिटं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. खाली येऊन मोटर बंद केली. पाइपाच्या तोंडाखाली उभा राहिलो. थेंब नाही.

कडूबा आला होता, झाकणाचं रबर लावायला. आत हात फिरवून बघितला. आता काही काम राहिलं नाही म्हणाला, आणि रबर न लावताच पिशवी उचलून गेला. जाताना म्हणाला की पलंग चांगला झालाय.

पुण्याला फोन केला. श्रेया म्हणाली आई फिरायला गेलीय. म्हटलं तिला सांग, पस्तीस मिनिटं बरोबर आहेत. श्रेयानं विचारलं, कशाची. म्हटलं तिला कळेल. श्रेया बरं म्हणाली, आणि जेवण वेळेवर करा म्हणाली. लग्नाच्या वाढदिवसाचं ती काही बोलली नाही, मीही आठवण करून दिली नाही.

दुपारी ४

जेनिफरच्या केबिनमध्ये जाऊन आडवा झालो. पहिल्यांदाच. डोकं टोकाकडे, पाय उत्तरेला. पंधरा इंच एका डोक्याला भरपूर होतात. गादी कोरडी, प्लाय कोरडं, दुसरी उशी कोरडी. तक्त्यात लिहिलं: ओल, निरंक.

एक गोष्ट तपासायची राहिली होती, ती तपासली. झाकण लावून घेतलं आणि पडून राहिलो. पलीकडे सगीराभाभी गयासभाईंना काहीतरी सांगत होत्या. मोठ्यानं नाही, घरातल्या घरात बोलतात तसं. डाळीत मीठ जास्त झालंय, थोडं पाणी घालून पुन्हा उकळवते म्हणत होत्या.

शब्द न् शब्द ऐकू आला.